मोत्यांच्या बेटावर नेलेल्या कुड्या

परवा एका वाचक मैत्रिणीने विचारलं, "बहरीनला चार दिवस पुरतात का?" पुरतात की. देश एवढासा आहे की सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत तुम्ही दुसऱ्या टोकाला जाऊन परत येता. मला तर दोनच दिवसांत पुरेपूर झाला होता. ही हकीकत नव्वदच्या दशकातली आहे, तेव्हा भाडी आणि भाव यातून घेऊ नका. बाकीचं मात्र वाचून जा, विशेषतः तुमच्या बॅगेत मोत्याचा एखादा दागिना असेल तर.

मी तेव्हा पुण्यात घरच्या घरी मोत्यांचे दागिने गाठवून विकत असे. कुड्या, तन्मणी, चिंचपेट्या, लग्नसराईत नथी. मोती हैदराबादहून यायचे, कल्चरचे, म्हणजे शिंपल्यात माणसाने मणी घालून तयार करवलेले. धंदा बरा चालला होता आणि मला जरा शिंगंही फुटली होती. अशात चिपळूणच्या शाळेतली माझी बाकावरची जोडीदारीण मेहरून, तिचा मनामाहून, म्हणजे बहरीनच्या राजधानीतून, फोन आला. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर, इस्माईलभाईंबरोबर, तिकडेच स्थायिक झाली होती.

"सुमे, दिवाळीच्या आधी ये गो. इथे मराठी बायका किती आहेत ठाऊक आहे? कानात घालायला काही मिळत नाही म्हणून रडतात नुसत्या. तू डबा भरून आण, मी बायका गोळा करते."

व्हिजिट व्हिसा इस्माईलभाईंच्या मालकाच्या सहीने निघाला. तिकडे मालकाला अरबाब म्हणतात, आणि परक्या माणसाला कामाला ठेवायचं तर त्याचा जामीन तोच. इस्माईलभाईंची नोकरी, घर, मुलांची शाळा, सगळं त्या एका माणसाच्या शिक्क्यावर उभं होतं. आता मीही चार दिवसांसाठी त्याच शिक्क्याखाली आले. हे कागद हातात आले तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर चांगलंच आलं.

विमान साडेतीन तासांचं. वरून आधी नुसता समुद्र दिसतो, मग हिरवट उथळ पाणी, आणि एकदम सपाट, पिवळी जमीन. कस्टमवाल्याने माझी बॅग उघडली, लोणच्याच्या बरण्या हुंगल्या, साड्यांवरून हात फिरवला आणि जा म्हणाला. दागिन्यांचा डबा साड्यांच्या घडीत होता. सुटले बाई, एवढंच मनात आलं, तेही ड्यूटी वाचली म्हणून.

मेहरूनचं घर गुदैबियात. जुन्या इमारती, खाली केरळी माणसांची हॉटेलं, वाणसामानाची दुकानं, कढीपत्त्यापासून कोकमापर्यंत सगळं मिळतं. नव्याने जाणाऱ्यांनी राहायला हाच भाग बघावा, पायी हिंडता येतं आणि पोट बिघडत नाही. एक दिनार म्हणजे तेव्हा शंभराच्या आसपास रुपये, त्यामुळे पहिल्या दिवशी मी पाण्याच्या बाटलीपुढेही उभी राहून गुणाकार करत होते. मेहरूनने तांदळाची भाकरी आणि हामूर नावाच्या तिथल्या माशाचं कालवण केलं होतं. तिची मुलं माझं मराठी सगळं समजत होती आणि उत्तरं इंग्रजीत देत होती. "आंटी, इट्स टू स्पायसी," असं म्हणत धाकटीने दोनदा कालवण घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्माईलभाईंनी पिकअपमधून बहरीन दाखवलं. ते अरबाबच्या बांधकाम-सामानाच्या ऑफिसात कामाला, फरशा आणि सिमेंट मागवायचं खातं त्यांच्याकडे. बाजारात मसाल्याच्या गल्लीतून गेलो, परदेशी बँकांच्या उंच इमारती पाहिल्या, आणि मग सीफला गेलो. तिथे समुद्रात भराव घालून नवी जमीन करणं चाललं होतं. ट्रकमागून ट्रक येत होते, जिथे पाणी होतं तिथे रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब उभे होते, आणि मोठा मॉल व्हायचा होता म्हणे.

"इथे सगळं असंच आहे ताई," इस्माईलभाई खुशीत सांगत होते. "आधी मोती होते. तो धंदा बसला, तर तेल निघालं. आता तेल पुरणार नाही म्हणून बँका आणि अॅल्युमिनियम. आमचा अरबाब बघा, आजोबा मोत्याचे व्यापारी, आणि हा बुजवलेल्या समुद्रावर बसवायला फरशा विकतो. तरी बाजारातलं मोत्यांचं दुकान बंद केलं नाही हां. मोतीवाल्यांत त्याचा शब्द अजून चालतो."

मला त्यांचा हेवा वाटला. चिपळूणहून आलेला माणूस या धुळीत उभा राहून एका देशाची वाढ आपल्या हाताने मोजत होता. मोत्यांच्या दुकानाचं बोलणं मी कानाआड केलं. ट्रकच्या आवाजात नीट ऐकू आलंही नसेल, पण खरं म्हणजे माझं लक्ष दुपारकडे होतं. अरबाबच्या आईला भेटायला जायचं होतं. व्हिसा दिला, आभार मानायला नको?

मुहर्रक म्हणजे पुलापलीकडचं दुसरं बेट. जुनी घरं, जाड भिंती, वारा घरात ओढून घेणारे चौकोनी मनोरे, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर कोणी मागे व्हायचं हा प्रश्न पडावा. हे नक्की बघा, हॉटेलांपेक्षा हे बघा. आम्ही दोघी टॅक्सीने गेलो. मी पैठणी नेसले होते आणि कानात सासूबाईंच्या कुड्या होत्या. त्या त्यांच्या आईकडून आलेल्या, जुन्या बसरा मोत्यांच्या, पिवळसर झाक असलेल्या. "परदेशात जातेस, कान ओकेबोके नकोत," म्हणून त्यांनी निघताना हातावर ठेवल्या होत्या, आणि "परत आणून दे" हे सांगायलाही विसरल्या नव्हत्या.

अरबाबच्या आईला, हज करून आलेली म्हणून, सगळे हज्जिया म्हणत. ऐंशीच्या पुढची बाई, लहानखुरी, बोटं मेंदीने तांबूस, डोळे मात्र नवे करकरीत. आम्हाला खजूर, कॉफी, केशराचा हलवा. मोठ्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही ही आपली रीत, आणि माझ्याकडे डबा तर भरलेलाच होता. मी त्यातला सगळ्यात सुबक कुड्यांचा जोड काढला, टपोरे, एकसारखे, पांढरेशुभ्र मोती, आणि मखमली डबीतून त्यांच्या पुढे धरला. हज्जियांनी एक कुडी उचलली, दिव्याकडे धरली, अंगठ्याने मोती चोळला. मग माझ्या कानांकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. डबी बंद करून शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "शुकरन."

आनंदाने बोलवत नसेल म्हातारीला, असं मी मेहरूनला येताना सांगितलंसुद्धा.

रात्री जेवताना मी इस्माईलभाईंना हे सगळं रंगवून सांगत होते. त्यांचा घास हातात राहिला.

"कसले मोती दिलेत ताई?"

"कल्चरचे. अगदी पहिल्या प्रतीचे, उगाच नाही."

ते उठले आणि हात न धुताच खिडकीपाशी गेले. मेहरून म्हणाली, "काय झालं हो?" त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं ते मी अजून विसरले नाही.

"इथे कल्चर मोती विकायला बंदी आहे. विकायला आणणं गुन्हा. याच मोत्यांनी यांचा धंदा बुडाला, म्हणून हा देश त्यांना आत घेत नाही, फक्त समुद्रातला मोती चालतो. आणि तुम्ही अरबाबच्या आईला नेऊन दिलेत? त्या घरात? माझ्या अरबाबच्या सहीने आलेल्या पाहुणीने?" मग त्यांनी विचारलं, "डब्यात अजून किती आहेत?"

मी डबा उघडून दाखवला. त्यांनी नुसतं झाकण लावलं.

"खलास," ते म्हणाले.

मेहरून रडायला लागली, मी तिच्यावर चिडले, कारण रडायचा हक्क माझा होता. मग चिडल्याची लाज वाटली. मला काय ठाऊक, बंदी असते म्हणून? पुण्यात कुठल्याही पेठेत जा, हेच मोती मिरवत असतात. पण ठाऊक नव्हतं म्हणून काय झालं, शिक्का इस्माईलभाईंचा जाणार होता. व्हिसा रद्द झाला तर घर सोडायचं, मुलांना शाळेतून काढायचं, आणि चिपळूणला परत जाऊन काय करायचं?  तिघांच्याही डोक्यात तेच होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, तिकडे सुट्टीचा. संध्याकाळी आमच्या विक्रीला बायका यायच्या होत्या. मेहरूनने एकेकीला फोन करून सांगितलं, सुमीला ताप भरलाय. मला खरंच भरल्यासारखं वाटत होतं. मेहरूनचं म्हणणं, गुपचूप जाऊन हज्जियांकडून डबी परत मागू. इस्माईलभाईंचं म्हणणं, मागितली तर कबुली दिल्यासारखं होईल आणि नाही मागितली तर फसवल्यासारखं. दोघं आतल्या खोलीत भांडत होती आणि मुलं टीव्हीचा आवाज वाढवत होती. त्या वर्षांत तिथल्या काही गावांकडे अधूनमधून गडबड होत असे, टायर पेटत, म्हणून रस्त्यात पोलिसांच्या गाड्या फिरायच्या. त्या दिवशी खालून अशी एक गाडी गेली की मी डबा कुशीत धरून स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. आज हसू येतं.

दुपारी अरबाबचा ड्रायव्हर आला. वर न येता त्याने खालूनच निरोप दिला, "उद्या नमाजानंतर घरी या. पाहुणीला घेऊन या."

शुक्रवारी आम्ही तिघांनी पिकअपमधून पूल ओलांडला. मेहरून ओठ हलवून दुवा म्हणत होती. मी कानात सासूबाईंच्या त्याच कुड्या घातल्या होत्या, दुसरं काही घालायचा धीर नव्हता. इस्माईलभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि घाम त्याच्या पाठीवर उमटत होता.

त्यांना पुरुषांच्या बैठकीत बसवलं, आम्हाला आत हज्जियांकडे नेलं. डबी त्यांच्या मांडीवर होती. त्या एकदम बोलल्या, आणि बोलल्या त्या मुंबईच्या बाजारी हिंदीत.

"शादी के बाद मैं बंबई में रहा. मेरा मरद उधर मोती बेचता था. तुम्हारा औरत लोग का नथ में हमारा मोती जाता था, मेरे को सब मालूम." त्यांनी माझ्या कानाकडे बोट केलं. "ये हमारा मोती है. इधर का समुंदर का. सच्चा तू पहना, और मेरे को ये दिया?"

 मी एवढंच म्हटलं, "मालूम नहीं था, अम्मा. बुरा नहीं सोचा."

"इस मोती ने मेरे बाप का जहाज बिकाया," त्या म्हणाल्या. "जपान से आया. एक साल में बाप बुड्ढा हो गया. मैं छोटा था, मेरे को याद है."

तेवढ्यात अरबाब आत आला. पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा माणूस, आणि त्याच्यामागे मान खाली घातलेले इस्माईलभाई. तो आईशी अरबीत बोलला, मग हिंदीत आमच्याकडे वळला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"ये मोती मेरे घर में नहीं रह सकता. कोई देखेगा तो बोलेगा, बाहर बंदी का बात करता है और घर में रखता है. इस्माईल, तू इतना साल मेरे पास है. तेरे को तो मालूम था."

"मालूम था, अरबाब," इस्माईलभाई म्हणाले. मी कसले मोती आणलेत ते आपल्याला ठाऊक नव्हतं, असं ते सांगू शकले असते. पण त्यांनी माझ्यावर काहीच ढकललं नाही.

अरबाबने डबीसाठी हात पुढे केला. हज्जियांनी ती ओढणीखाली घेतली आणि मान हलवली. पाहुण्याची भेट दारातून परत गेली तर घराची अब्रू गेली, असं त्यांचं म्हणणं. मेहरूनने हे मला हळू आवाजात सांगितलं. मुलगा म्हणे, राहिली तर अब्रू गेली. दोघं अरबीत बोलत राहिले, दोघांचंही बरोबर होतं, आणि मध्ये माझ्या मैत्रिणीचा नवरा उभा होता. अरबाबचं बोलणं थांबलं. त्याने इस्माईलभाईंकडे पाहिलं, आणि मला कळलं की आईवर काढता न येणारा राग आता कुठे जाणार.

तेव्हा मी कानाला हात घातला. उजवी कुडी निघाली. डावीची फिरकी जुनी, घट्ट बसलेली, ती काही केल्या फिरेना. सगळे बघत राहिले. शेवटी हज्जिया पुढे सरकल्या, माझी मान वळवली आणि आपल्या मेंदीच्या बोटांनी ती फिरकी हलकेच सोडवली. दोन्ही कुड्या मी त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

"ये लो, अम्मा. वो मेरे को दे दो."

मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. पुस्तकात म्हणतात तसं मला कुशीत घेतील, राहू दे बेटी म्हणतील. त्यांनी कुड्या खिडकीच्या उजेडात धरल्या, एक मोती दातांवर घासून पाहिला, आणि ओढणीच्या टोकाला बांधून टाकल्या. मग डबी माझ्या हातात दिली.

"वापस नहीं किया," त्या मुलाला हिंदीतच ऐकवत म्हणाल्या, म्हणजे आम्हालाही कळावं. "बदला किया. अब मेरे घर में वो मोती नहीं, और मेहमान का भेट भी मेरे पास."

अरबाबने आईकडे पाहिलं. मग त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. व्यापाऱ्याची मुलगी, व्यापाऱ्याची बायको, व्यापाऱ्याची आई. तिने पहिल्या दिवशी माझ्या कानांकडे पाहिलं तेव्हाच हा सौदा ठरवला होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. अरबाब इस्माईलभाईंना म्हणाला, "कल फरशी का कंटेनर आएगा. सात बजे पोर्ट पे," आणि बाहेर गेला. आम्हाला पुन्हा कॉफी आली. मी ती कडू कॉफी घटाघट प्यायले.

परत येताना इस्माईलभाईंनी पुलाआधी पिकअप बाजूला घेतली, उतरले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. मेहरून माझ्या कानांकडे बघत म्हणाली, "सुमे, सासूला काय सांगशील गो?"

"बघू," मी म्हटलं.

डबा जसा नेला तसा परत आणला, एक नगही विकला नाही. विमानात सगळा वेळ मी वाक्यं जुळवत होते. हरवल्या म्हणावं, चोरीला गेल्या म्हणावं, फिरकी ढिली होती म्हणावं. घरी पोचले, सासूबाईंनी पाणी दिलं आणि माझ्या कानांकडे पाहिलं. मग मी खोटं बोलू शकले नाही. सगळं सांगितलं, अगदी दातावर मोती घासण्यापर्यंत.

त्यांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. मग विचारलं, "त्या मेहरूनला मुलं किती?"

"दोन."

"शाळेत जातात?"

"हो."

"नोकरी राहिली ना त्याची?"

"राहिली."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

बहरीनला जरूर जा. मुहर्रकच्या गल्ल्या बघा, बाजारातल्या मोत्यांच्या दुकानांत काचेआड ठेवलेला समुद्रातला मोती बघा. तो थोडा वाकडा असतो, थोडा पिवळट, आणि माझ्या डब्यातल्या मोत्यांइतका देखणा मुळीच नसतो. सीफ तर आता ओळखूही येणार नाही म्हणतात. मेहरूनची मुलं शिकली, मोठी झाली, इस्माईलभाई त्याच अरबाबकडून पुढे निवृत्त झाले. हे सगळं मला आनंदाचं वाटतं आणि मी पुन्हा तसंच करीन, हेही खरं.

पण त्या दिवाळीत पाडव्याला सासूबाई नेहमीची जरीची साडी नेसून पाटावर बसल्या. माझ्या नणंदेने विचारलं, "आई, कुड्या कुठे?" त्या म्हणाल्या, "ठेवल्यात जपून." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. घरात कपाटभर कुड्या होत्या, टपोऱ्या, एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र. त्यांतली एकही त्यांनी कधी मागितली नाही, आणि "ही घाला" म्हणायचं धाडस मला त्यांच्या शेवटापर्यंत झालं नाही.